उशाशी एक वही

आजारी माणसाची बाजू मांडायची म्हणजे डॉक्टरांना जाब विचारायचा, अशी आपली समजूत असते. मला ती घातक वाटते. रुग्णालयात डॉक्टर राउंडपुरते येतात, सिस्टरची ड्यूटी बदलते, रात्रीचा आरएमओ सकाळी नसतो. या हातातून त्या हातात जाताना माहिती सांडते. सगळ्या पाळ्या पाहतो तो उशाशी बसलेला नातेवाईक. त्याच्याजवळ वही हवी: घरी चालू असलेल्या गोळ्या, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, ताप किती वाजता चढला, डॉक्टर काय सांगून गेले. ‘त्यांना बरं वाटत नाहीये’ म्हटलं की ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘सकाळपासून लघवी नाही, दुपारपासून बोलणं असंबद्ध आहे’ हे सहजी टाळता येत नाही.

डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं का, असं यावर हमखास विचारलं जातं. नाहीच कळत. पण हा माणूस एरवी कसा असतो, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार? इंग्लंडमध्ये १३ वर्षांची मार्था मिल्स २०२१ साली सेप्सिसने गेली. आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती. वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत निष्पन्न झालं. २०२४ पासून तिथे तिच्या नावाचा नियम लागू होऊ लागला: प्रकृती ढासळतेय असं वाटलं तर घरचे दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागू शकतात. आपल्याकडेही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेतला हक्क आहे, आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं मिळायला हवीत.

डॉक्टर चिडतील ही भीतीही अगदीच खोटी नाही. दहा नातेवाईकांनी दहादा तेच विचारलं तर कोणीही वैतागेल. म्हणून बोलणारा एकच ठेवावा आणि प्रश्न राउंडआधी लिहून काढावेत. मात्र बोलणाऱ्याने मालक होऊ नये. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान मुलगी भुलेखाली असताना आईकडून घेतलेली संमती ग्राह्य धरली नाही. माणूस शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारावं. वहीच्या पहिल्या पानावर त्याला काय हवंय ते त्याच्याच शब्दांत लिहावं. बाकीची पानं त्यानंतर.