धमनीच्या फाट्याचा हिशेब
(संगणकाच्या साहाय्याने रक्तप्रवाहाचा अभ्यास : सामान्य वाचकांसाठी परिचय)



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर एखादा वैद्यकीय विषय सोप्या भाषेत मांडावा, अशी आपल्या न्यासाची प्रथा आहे. हे लेखन बहुधा आमचे डॉक्टर करतात. या वेळी ते काम मी मागून घेतले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातील माझा अधिकार शून्य. परंतु एका प्रश्नाने मला या विषयाकडे वळविले.

निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेल्या खाटेवर दाखल झालेल्या एका गृहस्थांची अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांची कन्या कागदपत्रांसाठी माझ्या कक्षात आली. तिने विचारले, "साहेब, बाबांच्या दोन नसा खराब आहेत असं या कागदावर लिहिलंय. स्टेंट मात्र एकच बसवलाय. आम्ही पैसे भरणारे असतो, तर दोन बसवले असते का?" "तसे काही नाही, ताई," एवढेच मी बोलू शकलो. तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. त्यानंतर आमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून आणि वाचनातून जे समजले, ते येथे मांडत आहे.

१. फाटा ही अडचणीची जागा का?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जातात. जेथे फाटा फुटतो, तेथे मेदाचा थर साचण्याची प्रवृत्ती अधिक असते. कालव्यातून चारी फुटते ती जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सहज उमजेल. पाणी ज्या टोकावर दुभंगते, तेथे ते वेगाने घासून जाते व गाळ टिकत नाही. त्या टोकासमोरच्या बाहेरील कडेला मात्र प्रवाह मंदावतो, भोवरे धरतो आणि गाळ बसतो.

धमनीतील थर अर्थातच नुसता गाळ नव्हे. धमनीच्या आतील अस्तराच्या पेशी जिवंत असतात आणि वाहत्या रक्ताचे घर्षण त्यांना जाणवते. पुरेसे व एका दिशेचे घर्षण त्यांना निरोगी ठेवते. क्षीण किंवा उलटसुलट घर्षण झाले की त्या मेदाला वाट देऊ लागतात. कमी घर्षणाची जागा हीच रोगाची जागा, हा विचार लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील कॉलिन कॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडला. परंतु जिवंत माणसाच्या धमनीच्या भिंतीवरील घर्षण मोजावे कसे? संगणकाची गरज येथे उत्पन्न होते.

२. संगणक नेमके काय करतो?

सरळ नळीतील प्रवाहाचा नियम फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या दशकात दिला. त्यानुसार दाब तोच असताना नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्श्यावर येतो. मात्र वाकड्या, फाटे फुटलेल्या आणि हृदयाच्या ठोक्यासरशी वेग बदलणाऱ्या प्रवाहाला इतके सोपे सूत्र पुरत नाही. त्यासाठी नाव्हिए (१८२२) आणि स्टोक्स (१८४५) यांची समीकरणे आहेत. पण धमनीसारख्या आकारात ती कागदावर सुटत नाहीत.

म्हणून प्रथम सीटी स्कॅन अथवा अँजिओग्राफीच्या चित्रांवरून धमनीचा त्रिमितीय आकार तयार करतात. मग आतील पोकळीचे लाखो सूक्ष्म कप्पे पाडतात. प्रत्येक कप्प्याचे जणू एक खाते उघडले जाते : जेवढे रक्त आत आले तेवढे बाहेर गेले पाहिजे, आणि दाब, वेग व चिकटपणा यांचा मेळ बसला पाहिजे. एका ठोक्याचेही असेच शेकडो लहान भाग करून प्रत्येक क्षणी ही सारी खाती पुन्हा जुळवावी लागतात. या आकडेमोडीला काही तासांपासून काही दिवसही लागू शकतात. अखेरीस धमनीचे रंगीत चित्र मिळते व घर्षण कोठे सशक्त आणि कोठे क्षीण आहे, हे त्यावरून दिसते.

३. स्टेंट बसविल्यावर काय बदलते?

फुग्याने हृदयाची धमनी रुंद करण्याचा पहिला यशस्वी उपचार आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी झुरिच येथे १९७७ साली केला. रुंद केलेली धमनी पुन्हा आक्रसू नये म्हणून १९८६ साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये प्रथम स्टेंट बसविण्यात आले. स्टेंट ही धातूची बारीक जाळी होय. औषधी लेप असलेल्या सुरुवातीच्या एका प्रचलित स्टेंटच्या तारा सुमारे १४० मायक्रॉन जाड होत्या. आजच्या अनेक स्टेंटच्या तारा ६० ते ८० मायक्रॉनच्या आहेत.

हा फरक लहान वाटला, तरी प्रत्येक तारेच्या आडोशाला रक्ताचा एक छोटा भोवरा तयार होतो, आणि तार जितकी जाड तितका तो मोठा, असे संगणकीय अभ्यासांतून दिसते. अशा संथ जागी गुठळी होण्याचा किंवा आतून ऊती वाढण्याचा धोका अधिक असतो. फाट्यावर आणखी एक गोष्ट घडते. मुख्य धमनीत स्टेंट बसविला की त्याच्या तारा फाट्याच्या तोंडावर आडव्या येतात. फाट्यात दुसरा स्टेंट बसविला, तर कित्येक पद्धतींत तेथे धातूचे दोन-तीन थर एकावर एक येतात.

मापाचाही प्रश्न असतो. मूळ धमनीच्या त्रिज्येचा घन हा शाखांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका असतो, असा नियम मरे यांनी १९२६ साली मांडला. पुढील शाखा ३ मि.मी. व २.५ मि.मी. व्यासाच्या असतील, तर या नियमाने मूळ धमनी सुमारे ३.५ मि.मी. ठरते. पुढच्या शाखेला बेतलेला ३ मि.मी.चा स्टेंट मागील भागात सैल राहणार आणि त्याच्या व भिंतीच्या मधल्या फटीत रक्त रेंगाळणार. यास्तव डॉक्टर मागील भागात मोठा फुगा पुन्हा फुगवून स्टेंट भिंतीस नीट टेकवितात.

४. एक की दोन?

आता त्या कन्येच्या प्रश्नाकडे येतो. मुख्य धमनीतील स्टेंटमुळे फाट्याचे तोंड चित्रात अरुंद दिसू लागते. कोरियातील बॉन-क्वॉन कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे फाटे दाबमापक तारेने तपासले. चित्रात ७५ टक्के वा अधिक अरुंद दिसणाऱ्या ७३ फाट्यांपैकी केवळ २० फाट्यांमध्ये प्रवाह खरोखर अपुरा होता. नॉर्डिक देशांतील ४१३ रुग्णांच्या २००६ सालच्या अभ्यासात, दोन्हीकडे स्टेंट बसविलेल्या रुग्णांना सहा महिन्यांअखेर अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. उपचाराला मात्र वेळ अधिक लागला. म्हणून प्रथम एकच स्टेंट बसवावा आणि गरज दिसल्यासच दुसरा, ही सर्वसाधारण रीत झाली.

या रीतीला अपवादही आहेत. डाव्या मुख्य धमनीच्या फाट्यावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ४८२ रुग्णांच्या अभ्यासात दोन स्टेंटची एक विशिष्ट पद्धत एका वर्षाअखेर अधिक चांगली ठरली. तात्पर्य, स्टेंटची संख्या फाट्याच्या ठेवणीवर व रोगाच्या विस्तारावर ठरते.

त्या गृहस्थांची चित्रफीत डॉक्टरांनी मला नंतर उघडून दाखविली. मुख्य धमनीत स्टेंट बसवून फाट्याचे तोंड फुग्याने मोकळे केले होते. प्रवाह पूर्ववत दिसला, म्हणून ते तेथे थांबले होते. निर्णय योग्य होता. तो कुटुंबीयांना कोणी समजावून सांगितला नव्हता, ही उणीव मात्र आमची होती.

५. ताळा जुळणे आणि व्यवहार खरा असणे

हिशेबनीस या नात्याने एक सावधगिरी नोंदवितो. तेरीज पत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा असतोच असे नाही. जी नोंद मुळात झालीच नाही, ती तेरजेत सापडत नाही. संगणकाचेही तसेच आहे. कप्प्याकप्प्याचा मेळ बसला, तरी धमनीचा आकार अस्पष्ट चित्रावरून घेतला असेल, किंवा रुग्णाच्या रक्तप्रवाहाचा आकडा अंदाजाने भरला असेल, तर सुंदर रंगीत चित्रही चुकीचे असू शकते. पुष्कळ अभ्यासांत धमनीची भिंत ताठ मानलेली असते. प्रत्यक्षात ती ठोक्यागणिक हलते.

यासाठी गणिताचा ताळा प्रत्यक्ष मोजमापाशी घ्यावा लागतो. सीटी स्कॅनवरून धमनीतील दाबाचा फरक काढण्याच्या पद्धतीची दाबमापक तारेच्या मोजणीशी तुलना झाली, आणि मगच नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. स्टेंट बसविलेल्या फाट्याचे संगणकीय प्रतिरूप अद्याप मुख्यतः संशोधनाचे व स्टेंटची रचना सुधारण्याचे साधन आहे. उपचाराच्या मेजावरील निर्णय आजही डॉक्टरांचा असतो.

६. समारोप

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या कमाल किमती ठरविल्या. औषधी लेपाच्या स्टेंटची मर्यादा तेव्हा २९,६०० रुपये होती. किमती खाली आल्या, तरी 'कमी का?' आणि 'जास्त का?' हे दोन्ही प्रश्न आप्तांच्या मनात राहणारच, आणि ते विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. विकार फाट्यावर आहे काय, फाटा किती मोठा आहे, दुसरा स्टेंट का बसविला अथवा का टाळला, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती काळ घ्यावयाच्या, हे प्रश्न त्यांनी निःसंकोच विचारावेत. आमच्याकडे आता उपचारानंतर डॉक्टर धमनीचे साधे रेखाचित्र काढून ते आप्तांस समजावितात व त्याची प्रत डिस्चार्ज कार्डासोबत देतात. राखीव खाटेवरील रुग्णास आणि पूर्ण शुल्क भरणाऱ्या रुग्णास ते सारखेच मिळते.

त्या भगिनीची पुन्हा भेट झालेली नाही. हा अहवाल तिच्यापर्यंत पोहोचला, तर उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल तिने क्षमा करावी, ही विनंती. 

— प्रशासक