कोरी फाइल

अप्पा बळवंत चौकातून मी गेम प्रोग्रॅमिंगची चार पुस्तकं आणली. चारही ‘नवशिक्यांसाठी’, चारही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टाइप केलेली. स्क्रीनवर यानं उडायची, साप वळवळायचे. मला वाटायचं, जमलं! मग दिवाळीत भाचा म्हणाला, “मामा, चेंडू आणि फळीचा गेम करून दे ना.” कोरी फाइल उघडली आणि पहिली ओळच सुचेना. घोकंपट्टी उघडी पडली.

माझं काय चुकलं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिली चूक खरेदीतलीच. स्वस्तात मिळालं म्हणून उचललेलं एक पुस्तक पायथन २चं होतं, संगणकावर मात्र पायथन ३. ‘प्रिंट’पुढे कंस नाही म्हणून पहिलाच प्रोग्रॅम अडला आणि दोन संध्याकाळी मी स्वतःलाच ढ समजत बसलो. पायथन ३ आलं २००८ मध्ये, तर पायथन २ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तेव्हा किमतीआधी भाषेची आवृत्ती बघा.

दुसरी चूक नकलेची. टाइप केल्यानं बोटांना सवय लागते, डोक्याला नाही. आता प्रत्येक प्रकरणानंतर मी पुस्तक मिटतो आणि तोच गेम आठवून लिहितो. मग त्यात एक बदल करतो: एकाऐवजी दोन चेंडू, किंवा खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण. चालवण्याआधी काय होईल ते कागदावर लिहितो. अंदाज चुकला की तिथंच खरा धडा मिळतो.

तिसरी चूक वेगाची. पुस्तकातला चेंडू दर फ्रेमला पाच पिक्सेल सरकायचा. माझ्याकडे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ३०० पिक्सेल. भाच्याच्या लॅपटॉपवर १४४ फ्रेम, म्हणजे ७२०! चेंडू दिसेपर्यंत डाव खलास. वेग ‘सेकंदाला इतके पिक्सेल’ असा ठेवा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेनं त्याला गुणा. मग गेम कुठल्याही संगणकावर सारखाच पळतो.

आणि सुरुवात छोटी करा. १९७२चा अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा गेम मुळात तिथल्या एका अभियंत्याला, अ‍ॅलन अल्कॉर्नला, हात बसावा म्हणून दिलेला सराव होता. दोन फळ्या, एक चेंडू, गुण आणि ‘खेळ संपला’ची पाटी, एवढं पूर्ण करा. ती शेवटची पाटी टाळू नका; माझे कितीतरी गेम तिच्याआधीच बारगळले.

भाच्याचा गेम अखेर झाला. पहिल्याच डावात चेंडू फळीत अडकून थरथरायला लागला, कारण फळीला चिकटलेला असताना दर फ्रेमला त्याची दिशा उलटत होती. चेंडू फळीकडे येत असेल तरच दिशा बदलायची, एवढीच अट घातली आणि तो सुटला. या वेळी चारही पुस्तकं कपाटातच होती.