सासू-सासऱ्यांचे मिशन



मुले मार्गी लागल्यावर नवरा-बायकोने जोडीने परदेशी धर्मसेवेला, म्हणजे मिशनवर, जाणे ही युटातील मॉर्मन घरांत नवलाची गोष्ट नाही. हा पंथ जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. मुख्यालय आता सॉल्ट लेक सिटीत आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनवर बहुधा विवाहित पुरुष जात आणि बायका-मुले मागे राहत. १८५२ साली मुंबईत उतरलेला आणि पुढे पुण्यातही प्रचार केलेला ह्यू फिंडले हा त्याच काळातला. नंतर हे काम मुख्यतः तरुणांकडे गेले. मुलगे आता अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी जातात. वयस्क जोडप्यांची व्यवस्था याहून वेगळी आहे. अशाच एका घरात सून म्हणून इतकी वर्षे काढूनही हे लिहिणाऱ्या मावशीच्या भाचीला, धाकटीला, ती उमगलेली नाही, असे पुण्याहून आलेल्या फोनवरून दिसते. धाकटीचे बाळंतपण जवळ आले असताना तिचे सासू-सासरे जोडीने मिशनवर निघाले आहेत, आणि ते ‘नातवंडाला टाकून चालले’ हे वाक्य तिच्या तोंडचे म्हणून सांगितले गेले. सांगोवांगीतले अर्धे सोडून द्यावे. पण उरलेले अर्धेही वाईटच आहे.

पात्रतेचे नियम मोजके. घरात अठरा वर्षांखालचे मूल नको, प्रकृती धड हवी. डॉक्टरच्या तपासणीचे कागद लागतात, स्थानिक धर्मप्रमुखांच्या मुलाखती होतात. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत असते. कुठे जायला आवडेल हे जोडप्याला सांगता येते, नेमणूक मात्र सॉल्ट लेक सिटीहून येते. तेव्हा नेमणुकीत आलेले फिलिपिन्समधले सेबू हे सासूबाईंनी सुनेपासून लांब म्हणून निवडले, असे धरून चालणे अन्यायाचे आहे.

पगार नसतो. राहणे, खाणे, आरोग्यविमा हे सारे स्वतःच्या बचतीतून. परदेशी जाणाऱ्या जोडप्यांचा भार हलका व्हावा म्हणून २०११ साली चर्चने त्यांच्या घरभाड्याला दरमहा १,४०० डॉलरची मर्यादा घातली. बाकी खर्च उरतोच, आणि त्यावरून त्या घरात कुरबूर झाल्याचेही कानावर आहे. जन्मभर नोकरी करून साठवलेला पैसा कशावर घालवायचा हे साठवणाऱ्याने ठरवावे. सुनेने त्यात आपला वाटा मोजत बसू नये. हे कडक वाटेल, वाटू दे.

प्रोव्हो येथील केंद्रात साधारण आठवडाभराचे शिक्षण होते, काळी नावपट्टी मिळते आणि दोघे ‘एल्डर’ व ‘सिस्टर’ होतात. दारोदार उपदेश करत फिरण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. तरुणांचे काटेकोर वेळापत्रकही त्यांना लागू नसते. बरीच जोडपी मिशनच्या कार्यालयात बसतात. व्हिशाचे कागद, भाड्याच्या खोल्यांचे करार, गाड्यांची देखभाल, हिशेब हे त्यांचे काम. फिलिपिन्समध्ये या पंथाचे आठ लाखांहून अधिक सदस्य आहेत आणि तरुण मिशनरीही पुष्कळ; त्यामुळे कामाला तोटा नाही. घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोरांच्या खोल्या स्वच्छ आहेत का, कोणाला ताप आला तर तो डेंग्यूचा तर नाही ना, हे पाहायला कोणी जाणते माणूस लागते. काही जोडपी पाण्याच्या योजना आणि चाकांच्या खुर्च्या पुरवण्याच्या कामात असतात, काही जुन्या वंशावळीच्या नोंदी जतन करण्यात. धाकटीचे सासरे हिशेबात पक्के. त्यांना कुठल्या टेबलाशी बसवतील हे सांगायला नको. खरी परीक्षा कामाची नसते. उकाडा, दुखरी कंबर, आणि नोकरीच्या वर्षांत कधी न घडलेला नवरा-बायकोचा चोवीस तासांचा सहवास, ही ती परीक्षा.

आता मुख्य मुद्दा, नातवंडाचा. वयस्क जोडप्यांना घरी फोन करायला आडकाठी नाही. युटात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा सेबूत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ झालेले असतात. बाळाची आंघोळ त्यांना रोज पाहता येईल. घरात महत्त्वाचे कार्य निघाले तर परवानगीने आणि स्वखर्चाने काही दिवस परतताही येते. याला टाकून जाणे म्हणत नाहीत.

मावशीच्या सासूबाईंनाही एकदा असेच घर सोडून नर्मदा परिक्रमा करायची होती. पायी सुमारे २,६०० किलोमीटर. परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. सासूबाई जमेल तेवढी चालायलाही तयार होत्या. मावशीची नोकरी नवी, मुले लहान. ‘आमचं कसं होणार?’ एवढे विचारले गेले आणि पिशवी परत माळ्यावर गेली. मुले मोठी झाली तोवर सासूबाईंचे गुडघे गेले होते. त्यांनी शेवटपर्यंत एका शब्दाने बोलून दाखवले नाही, आणि तेच अजून जास्त लागते. मुले पाळणाघरातही वाढली असती.

असे असूनही धाकटीची भीती खोटी नाही. पहिले बाळंतपण, परका मुलूख, आई पुण्यात. तिथे आईच्या जागी होती ती सासूच. तीच नेमकी निघाली, मग जीव घाबरणारच. लहानपणीही धाकटीला ताप चढू लागला की ती आधी सगळ्यांशी भांडायची, आणि घरातल्यांना तेव्हाच कळायचे. तिने रागाच्या भरात काय म्हटले ते मावशीने कोणाला सांगितलेले नाही. धाकटीच्या सासूबाईंच्या कानी ते जाणार नाही. निघायच्या दिवशी त्यांना विमानतळावर पोहोचवायला मात्र धाकटीने स्वतः जावे. मावशीचा अमेरिकेचा व्हिसा अजून चालू आहे, डिंकाचे लाडू तिला जमतात आणि रात्री बाळाला घेऊन जागायची सवयही मोडलेली नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख तेवढी कळवावी, म्हणजे तिकीट काढता येईल.