कोटंबीची मॅच आणि हायवेवरची थाळी

परत आल्यापासून जो तो मलाच शहाणपण शिकवतोय, ‘आधी चौकशी करायची होतीत!’ अहो, केली होती. हायवेवरच्या हॉटेलला फोन करून पाच जणांचं टेबल सांगितलं होतं, मागितले तसे पाचशे रुपये आगाऊही पाठवले होते. आणखी काय करायचं?

बडोद्याची मॅच म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर मोतीबाग, फार तर रिलायन्सचं मैदान. नवं स्टेडियम मात्र शहराबाहेर, हालोल रोडवर, कोटंबीला. मैदान झकास आहे, त्याबद्दल चकार शब्द नाही. 14 फेब्रुवारी 2025, डब्ल्यूपीएलची सलामी. गुजरातच्या 201 धावा, आणि रिचा घोषने 27 चेंडूंत नाबाद 64 ठोकून बंगळुरूला जिंकून दिलं. सांगलीची स्मृती लवकर बाद झाली तरी कप्तान तीच, म्हणून भाची घसा बसेपर्यंत ओरडत होती. साडेसातची मॅच, वाहनतळातून गाडी निघेपर्यंत अकरा वाजून गेले. पोटात कावळे.

हॉटेलात गेलो तर आमच्या टेबलावर दुसरीच मंडळी. मॅनेजर म्हणाला, ‘‘बेन, आज मॅच छे ने!’’ जणू मॅच आम्हीच लावली होती. आमच्या मागून आलेल्यांनाही आधी बसवलं. शेवटी मेन्यूकार्ड हातात आलं. काठियावाडी थाळी, 420 रुपये. आकडा निवडायलासुद्धा हिंमत लागते! कागद जरा फुगलेला वाटला, म्हणून नखाने कोपरा उचलला. खाली 240. शेजारचा उचलला, शेव-टमेटा, तिथेही तेच. सगळं कार्ड नव्या चिकट्यांनी भरलेलं.

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि आगाऊ रकमेचा पत्ता नाही. मी विचारलं तर मॅनेजर माझ्याकडे न बघता पोऱ्याला म्हणाला, ‘‘पूनावाळा छे, आपी देशे.’’ पुण्याचे आहेत, देतील. शेजारी माझी आत्या उभी होती. जन्म दांडिया बाजारातला, सत्तरी उलटलेली. तिने अस्सल बडोदी गुजरातीत त्याची जी हजेरी घेतली, ती ऐकून पोऱ्याच हसायला लागला. सर्व्हिस चार्ज गेला. पाचशे रुपये मात्र ‘शेठ आले की बघू’. शेठ अजून आलेले नाहीत.

तेव्हा जाणाऱ्यांनी ऐका. मॅचच्या रात्री त्या रस्त्यावर जेवायचा बेतच करू नका. दुपारीच शहरात शेव-उसळ खाऊन निघा. आपल्या मिसळीची गुजराती बहीण, पाव आणि वरून तिखट तर्री, रात्रीपर्यंत पोट धरून ठेवते. परतताना गोल्डन चोकडी ओलांडून सरळ शहरात शिरा. कारेलीबागेत रात्री बाजार आहे. पाण्याची बाटली स्टेडियमात नेऊ देत नाहीत, म्हणून गाडीत ठेवा. आगाऊ पैसे दिलेच तर ‘बिलातून वजा’ एवढं तरी मेसेजवर लिहून घ्या. फोनवरच्या ‘हा बेन, हा बेन’ला काडीची किंमत नाही.

हॉटेलात बाटलीच्या छापील किमतीवरून वाद घालू नका; सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हॉटेलवाल्यांच्या बाजूने निकाल दिलाय. सर्व्हिस चार्जवर मात्र अडून बसा. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सक्तीने तो लावता येणार नाही असं स्पष्ट केलंय. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. बाकी, बिल नीट वाचा, संयम ठेवा वगैरे तुम्हाला माहीत आहेच. संयम मलाही माहीत होता.

आणि जमलं तर बडोद्याचं एखादं म्हातारं माणूस बरोबर असू द्या. आमच्या आत्याला पुढच्या मॅचचं तिकीट मी आत्ताच कबूल केलंय, जेवण तिच्या घरी.