हवा काढली, आता भरायची कशी?

मुरबाडच्या नाक्यावर पंक्चरवाल्याकडे चार चाकांत हवा मारून घ्यायची तर चाळीस-पन्नास रुपये जातात. पेट्रोल पंपावर ती फुकट मिळायला हवी, तेल कंपन्यांच्या नियमांतच तसं आहे. मग तीन-चार हजारांचं मशीन गाडीत कशाला बाळगायचं, असं माझ्या मेव्हण्याने विचारलं तेव्हा मला चटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर मिळालं ते मागच्या पावसाळ्यात, म्हशाच्या पुढे देहरीच्या अंगाला एका शेतवाटेवर. बोलेरो चिखलात रुतली. चारही चाकांची हवा अंदाजाने काढली, गाडी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डांबरी रस्ता लागल्यावर ध्यानात आलं, की आता याच मऊ चाकांवर मुरबाड गाठायचं आहे. सावकाश आलो, तरी मागच्या एका टायरची बाजू खड्ड्याच्या धारेवर कापली गेली. बाजूला कापलेल्या टायरचं पंक्चर काढून चालत नाही, तो बदलावाच लागतो. नवा टायर साडेसहा हजारांचा पडला.

तेव्हा हिशेब पंक्चरवाल्याच्या चाळीस रुपयांशी करायचा नाही, टायरच्या किमतीशी करायचा. बोलेरोच्या मापाचा एक टायर साधारण साडेपाच ते साडेसात हजारांना येतो. थारच्या १८ इंची टायरला त्याच्या दीड-दोन पट धरा.

पण खरेदीला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही हवा काढणार किती? मशीन कोणतं घ्यायचं ते या एका आकड्यावर ठरतं, आणि दुकानदार हा प्रश्न कधीच विचारत नाही.

आपल्या वाटांना किती हवा काढावी?

राजस्थानच्या वाळूत गाडी घालणारे लोक १५ ते १८ पीएसआयपर्यंत हवा उतरवतात. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरंही तेच करतात. वाळूत ते बरोबर आहे, कारण टायर पसरतो आणि गाडी वर तरंगते. मुरबाड-शहापूरच्या वाटा मात्र वाळूच्या नाहीत. वर चिखल, खाली मुरूम, आणि मधूनमधून काळ्या कातळाचे धारदार तुकडे. हवा फार काढली की टायरच्या बाजू बाहेर फुगतात आणि नेमक्या त्याच दगडाला घासतात. शिवाय १५ च्या खाली गेलं की वळणावर टायर रिमवरून सुटायची भीती असते. भाताच्या खाचराकडेच्या पातळ चिखलाखाली टणक जमीन असेल, तर हवा न काढताच टायर खालपर्यंत कापत जाऊन पकड घेतो.

माझा नियम साधा आहे. एरवी ३२ पीएसआय ठेवत असाल तर चिखलाच्या, खडकाळ वाटेसाठी २४ पर्यंत या. अगदीच रुतलात तर २० पर्यंत, पण त्याखाली नाही. कंपनीने सांगितलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, मागे माल भरल्यावरचा वेगळा आकडाही बहुधा तिथेच असतो. हवा कमी असताना तीस-चाळीसच्या वर वेग नको आणि डांबरावर आलात की लगेच भरा. मऊ टायर डांबरावर वेगाने पळवला की त्याच्या बाजू सतत दुमडून तापतात आणि आतून फाटू लागतात.

आता गणित. बोलेरोच्या टायरमध्ये, म्हणजे २१५/७५ आर १५ मध्ये, अंदाजे ५० लिटर जागा असते. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. २४ वरून ३२ वर न्यायचं म्हणजे ८ पीएसआय वाढवायचे. ८ भागिले १४.७ गुणिले ५०, म्हणजे एका चाकाला साधारण २७ लिटर मोकळी हवा. चार चाकांना ११० लिटर. थारच्या २५५/६५ आर १८ टायरमध्ये जागा सत्तरच्या आसपास, म्हणून तिथे दीडशे लिटर. आणि कोणी १८ पर्यंत उतरला असेल, तर बोलेरोलाच १९० लिटर लागतात. म्हणजे सहा पीएसआय जास्त काढण्याचा हौशीपणा मशीनचं काम पाऊणपटीने वाढवतो.

डब्यावरचे आकडे

डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं '१५० पीएसआय'. त्याकडे ढुंकूनही बघू नका. आपल्याला ३५ पुरतात. मशीन किती दाबापर्यंत ढकलू शकतं यापेक्षा मिनिटाला किती लिटर हवा देतं हे महत्त्वाचं आणि तो आकडा बारीक अक्षरांत असतो, कधी नसतोच. नसेल तर ते मशीन ठेवून द्या. असला तरी तो बहुतेक वेळा मोकळ्या हवेतला, म्हणजे नळीपुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. भरलेल्या टायरसमोर तो घसरतो. मी सरळ निम्मा धरतो. ३० लिटरचा दावा असेल तर १५. त्या हिशेबाने बोलेरोची चार चाकं साडेसात मिनिटांत होतात, थारची दहात. रस्त्याकडेला उभं राहून एवढा वेळ निघतो.

दुसरा आकडा सलग चालण्याचा. 'दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबवा' अशी सूचना स्वस्त मशीनच्या कागदावर असते. ती पाळली नाही तर आतलं प्लॅस्टिक तापतं, सील जातो आणि मशीन आवाज करतं पण हवा देत नाही. माझ्या एका शेजाऱ्याचं मशीन तिसऱ्याच पावसाळ्यात असं गेलं.

बाजारात ढोबळ चार पायऱ्या आहेत. भाव बदलते असतात, म्हणून इथले आकडे खालीवर शे-पाचशे रुपये धरून वाचा.

पायाने मारायचा पंप चारशे ते आठशेला मिळतो. एका दाबाला पाव-तीन दशांश लिटर हवा जाते, म्हणजे एका चाकाला शंभराच्या आसपास दाब आणि चार चाकांना चारशे. जुलैच्या पावसात करून बघा. मोटरसायकलला मात्र हा उत्तम आणि कधी बिघडत नाही.

हजार ते दोन हजारांत लायटर सॉकेटला जोडायचं छोटं प्लॅस्टिकचं मशीन येतं. प्रत्यक्षात मिनिटाला सात-आठ लिटर. बोलेरोला चौदा मिनिटं, मध्ये एक विश्रांती. शहरात कधीमधी दोन-तीन पीएसआय कमी झाले तर भरून घ्यायला हे चालेल. वाटेवर हवा काढून पुन्हा भरणाऱ्याने घेऊ नये.

अडीच ते पाच हजारांत धातूच्या सिलिंडरचं, वजनाला दोन-अडीच किलोचं मशीन येतं. माझ्या मते मुरबाड-शहापूरच्या नव्वद टक्के गाडीवाल्यांना हेच पुरतं. चार हजारांच्या पुढच्या काही मशीनना दोन सिलिंडर असतात. त्यांचा वेग चांगला असतो, पण वीजही जास्त लागते.

त्यापुढे बॉनेटखाली कायम बसवायची मशीनं. ऑस्ट्रेलियातली १९७५ साली सुरू झालेली एआरबी ही त्यातली नावाजलेली कंपनी. किमती वीस-पंचवीस हजारांपासून पुढे, शिवाय वायरिंगचा खर्च वेगळा. दहा गाड्यांचा ताफा घेऊन लेह-स्पिती करणाऱ्याला ते शोभतं. सरळगावहून धसईला जाणाऱ्याने त्या पैशांत चार नवे टायर घ्यावेत.

या चार पायऱ्यांबाहेरची, बॅटरीवर चालणारी हातात मावणारी मशीनं हल्ली फार खपतात. दोन ते साडेचार हजार. वायरचा गुंता नाही, आकडा ठरवून दिला की आपोआप बंद होतं, दुचाकीला आणि छोट्या कारला छानच. पण मोठ्या गाडीची चार चाकं २४ वरून ३२ वर नेताना तिसऱ्या-चौथ्या चाकाला त्याची बॅटरी मान टाकते. आणखी एक अडचण आपल्या हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये मुरबाडला पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात बंद गाडीच्या आत तर त्याहून बरंच जास्त तापतं. लिथियम बॅटरीला हे सोसत नाही. सहा महिने डिकीत पडून राहिलेलं मशीन नेमकं हवं तेव्हा रिकामं निघतं. घेणार असाल तर घरात ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करा.

वायर, नोझल आणि फ्यूज

डॅशबोर्डच्या लायटर सॉकेटचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टच्या हिशेबाने १२० ते १८० वॉट. मधल्या दर्जाचं मशीन ह्या सीमेवरच असतं, त्यामुळे मशीनवर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १५ च्या वरचं मशीन सॉकेटला लावूच नका, त्याला बॅटरीला लावायचे चिमटे असतात. फ्यूज उडाला तर मोठ्या अँपिअरचा टाकून वेळ मारून नेऊ नका, वायर जळते. मशीन चालू असताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर हवा भरून झाल्यावर गाडीला धक्का मारायची पाळी येईल. मात्र पडवीत किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका.

बोलेरोची लांबी ३,९९५ मिलिमीटर. म्हणजे सॉकेटपासून मागच्या चाकापर्यंत वायर आणि नळी मिळून साडेतीन-चार मीटर तरी हवेत. दुकानात डबा उघडून मोजा. पुष्कळ लोक घरी आल्यावर मोजतात.

नोझल आट्यांचं असेल तर हवा गळत नाही, पण काढताना थोडी जाते आणि पितळ तापलेलं असतं, बोटं भाजतात. फडक्याने धरा. खटक्याचं नोझल पटकन लागतं, जुनं झालं की सैल होतं. मी आट्यांचं पसंत करतो.

मशीनवरच्या काट्यावर किंवा स्क्रीनवर विसंबू नका. स्वस्त मशीनमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो. दोनशे ते पाचशे रुपयांत हवा मोजायचं वेगळं मीटर मिळतं, ते घ्या. मशीनपेक्षा हा खर्च जास्त वसूल होतो. आणि हवा टायर थंड असताना मोजा. चालवून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा दोन-चार पीएसआयने वर दिसतो. तसा दिसला म्हणून हवा काढली तर सकाळी टायरमध्ये हवा कमी पडलेली असेल.

टायर पूर्ण बसलेल्या अवस्थेत गाडी थोडी तरी चालली असेल, तर त्यात लगेच हवा भरू नका. बाजू आतून फाटलेली असू शकते. आधी स्टेपनी लावा. हो, तुमच्या गाडीत स्टेपनी आहे ना, हेही एकदा बघून घ्या. ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि टायरचा दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायची मुभा आहे. अशा गाडीत हवेचं मशीन ही हौस राहत नाही.

वाट निवडतानाही एक भान ठेवा. तानसा अभयारण्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यात येतो आणि भीमाशंकर अभयारण्याची हद्द मुरबाडच्या बाजूलाही उतरते. तिथे रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा ठरू शकतो. हवेचं मशीन जवळ असलं म्हणून वाट आपली होत नाही. कुणाच्या खाचराचा बांधही नाही.

मशीन घेताना बिल मात्र घ्याच. ऑनलाइन घ्या किंवा कल्याणला जाऊन घ्या, डब्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनलं हे छापलेलं असायला हवं. नसेल तर घेऊ नका. मशीन सदोष निघालं आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी मुरबाडकराला ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही.

ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते. म्हणून मशीन आलं त्याच आठवड्यात अंगणात गाडी लावा, चारही चाकं २४ वर आणा आणि घड्याळ लावून ३२ पर्यंत भरा. बोलेरोला पंधरा मिनिटांच्या वर लागली, तर डबा फेकला नसेल तोवर परत पाठवा.