एनसी लिहून घेतली, आता पुढं काय?

प्रश्न : ताई आणि दाजी कोयत्यावर गेले होते. तिकडे फडावर, कोपीत दाजींनी तिला बेदम मारलं. जवळच्या ठाण्यात एनसी लिहून घेतली आणि दाजींना समज देऊन सोडलं. ताई आता माहेरी आमच्याकडे आहे. लोक म्हणतात, जिथं मारलं तिथंच तक्रार चालते आणि हुंडा मागितला नसेल तर केस होत नाही. खरं काय?
– एक वाचक, युसूफ वडगाव (ता. केज)

उत्तर : लोक सांगतात त्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पण आधी एनसीचं पाहू. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी मारहाण त्यात मोडते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. म्हणून प्रकरण समज देण्यावर थांबतं.

मग बायकोला रोज मारलं तरी एनसीच का? तसं नाही. ठाण्यात गेलेली बाई बहुधा कालचीच रात्र सांगते : ‘दारू पिऊन आला, दोन थापडा मारल्या.’ एवढंच सांगितलं तर कागदावर एवढंच उतरतं. ‘चार वर्षांपासून मारतो, मागच्या दिवाळीत हात मोडला, उचलीचे पैसे हातात देत नाही, उपाशी ठेवतो,’ हे सांगितलं की चित्र बदलतं. तो छळ होतो. त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे. 1 जुलै 2024 पूर्वीचं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं 498 अ ते हेच. शिक्षा 3 वर्षांपर्यंत आणि दंड. बाईनं किंवा तिच्या नातेवाइकांनी फिर्याद दिली की हा गुन्हा दखलपात्र ठरतो. पैशांची मागणी हा छळाचा एक प्रकार झाला. जिवाला, शरीराला किंवा मनाच्या आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं हा दुसरा. त्यात हुंड्याचा संबंध लागत नाही.

आता जागेचं. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितलं, की छळामुळं घर सोडावं लागलेली बाई जिथं आसऱ्याला आली, तिथंही फिर्याद देऊ शकते. माहेरी आल्यावरही छळाचा त्रास मनात चालूच राहतो, हे न्यायालयानं मान्य केलं. ऊसतोडीला सहा-सहा महिने परमुलखात राहणाऱ्या आपल्या बायकांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. तेव्हा फिर्याद गावाकडच्या ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

दाजींना लगेच अटक होईलच असं मात्र धरून चालू नका. 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलिसांना अटकेची गरज कारणांसह दाखवावी लागते; एरवी नोटीस देऊन चौकशी होते. अटक झाली नाही म्हणजे केस बुडाली, असं नव्हे.

बऱ्याच बायकांना नवरा तुरुंगात जायला नको असतो. मार थांबायला हवा असतो. त्यांच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट, केजच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; बाई तात्पुरती राहते तिथलं न्यायालयही चालतं. मारहाणीला मनाई, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा असे आदेश मिळू शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा : 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात. वकिलाच्या पैशांची काळजी नको. उत्पन्न कितीही असो, बाईला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

एनसीचा तो कागद फेकू नका, पुढं पुरावा म्हणून कामी येतो. अंगावर वळ असतील तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून नोंद करून घ्या. आणि ठाण्यात ताईसोबत जरूर जा, पण बोलू तिला द्या, अगदी पहिल्या वर्षापासून.