लाईट बिलावरचे नाव



अकरावीच्या अर्थशास्त्राच्या तासाला मी एक प्रश्न विचारला. परदेशातून आपल्या राज्याला मिळालेली मदत तुम्हाला कुठे दिसते? उत्तरे भराभर आली. धरण, पूल, मोठे रुग्णालय, भूकंपानंतर कच्छमध्ये पुन्हा बांधलेली घरे. उत्तरे चुकीची नव्हती. मी मात्र टेबलावर एका पालकांच्या लूम्सच्या खात्याचे लाईट बिल ठेवले आणि म्हणालो, "इथेही आहे, शोधा." पोरे बिल उलटसुलट करून पाहू लागली. बिलावर सर्वांत वर नाव होते, दक्षिण गुजरात वीज कंपनी लिमिटेड.

आमच्या वयाची माणसे अजूनही "जीईबीचे बिल भरायचे आहे" असेच म्हणतात. पण जीईबी, म्हणजे गुजरात विद्युत मंडळ, १ एप्रिल २००५ पासून तसे राहिलेले नाही. त्याच्या जागी सात कंपन्या आल्या. वीज तयार करणारी एक, मोठ्या तारांमधून ती वाहून नेणारी एक, उत्तर, दक्षिण, मध्य व पश्चिम गुजरातमध्ये घरोघरी पोहोचवणाऱ्या चार, आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी एक. सुरत शहराच्या मोठ्या भागात टोरेंटची वीज आहे, पण पांडेसरा आणि सचिनच्या पट्ट्यात दक्षिण गुजरातचे बिल येते. मंडळ मोडून कंपन्या का झाल्या, याचा एक धागा थेट फिलिपिन्समधील मनिला शहरापर्यंत जातो. तेथे आशियाई विकास बँकेचे मुख्य कार्यालय आहे.

प्रथम एक शब्द नीट समजून घेऊ. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आमच्या पुस्तकात "विदेशी सहायता" असा शब्द असे आणि आम्ही तो दान या अर्थाने पाठ करीत होतो. प्रत्यक्षात या सहायतेचा बराच मोठा भाग कर्जाचा असतो. व्याज कमी, मुदत लांब, पण कर्जच. या कर्जाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात पैसा एखाद्या कामासाठी मिळतो. काम उभे राहते आणि ते डोळ्यांना दिसते. दुसऱ्यात पैसा सरकारच्या तिजोरीत जमा होतो आणि बदल्यात सरकार काही नियम बदलण्याचे कबूल करते. नियम बदलला तर पुढचा हप्ता, नाही बदलला तर हप्ता अडतो. ही दुसरी मदत डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती पोरांना बिलावर सापडली नाही.

असा व्यवहार देशाने मोठ्या प्रमाणात केला तो १९९१ मध्ये. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी शाळेच्या फीसाठी किंवा आजारपणासाठी आईची पोत गहाण पडली असेल. त्या वर्षी देशाने हेच केले. परदेशी चलन इतके आटले होते की जेमतेम दोन आठवड्यांची आयात भागली असती. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परत विकत घेण्याच्या बोलीवर देण्यात आले, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी पाठवून त्यावर ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उचलले. ते सोने त्याच वर्षी सोडवले गेले. पुढे ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे २२० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि डिसेंबरमध्ये जागतिक बँकेने ५० कोटी डॉलर. अटी होत्याच. सरकारी तूट कमी करा, आयातीचे परवाने सैल करा, उद्योगांवरील बंधने काढा.

लोक म्हणतात की हे सर्व बाहेरून लादले गेले. मला ते अर्धेच पटते. २५ वर्षे आधी, जून १९६६ मध्येही जागतिक बँक आणि मदत देणाऱ्या देशांच्या आग्रहावरून आपण रुपयाची किंमत घटवली होती. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते एकदम साडेसात रुपये झाले. तेव्हा दुष्काळ होता, रेशनला अमेरिकेचा गहू आणि मिलो येत होता, आणि आशेवर ठेवलेली मदत पुरेशी आलीच नाही. देशात त्या निर्णयाला कोणी वाली उरला नाही आणि थोड्याच काळात बहुतेक बंधने परत आली. १९९१ मध्ये तसे झाले नाही, कारण अनेक बदलांची टिपणे दिल्लीत आधीपासून तयार होती आणि देशातच त्यांची बाजू मांडणारे लोक होते. नाणेनिधीचे ते कर्ज २००० पर्यंत पूर्ण फिटले, बदल मात्र राहिले.

आता गुजरातकडे येऊ. संविधानाच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्य सरकार फक्त देशातच कर्ज काढू शकते. त्यामुळे परदेशी कर्ज केंद्र सरकार घेते आणि राज्याला पोहोचवते. डिसेंबर १९९६ मध्ये आशियाई विकास बँकेने गुजरातच्या तिजोरीची घडी बसवण्यासाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले, त्या वेळच्या दराने ९०० कोटी रुपयांच्या जवळपास. एखाद्या राज्याच्या धोरणबदलासाठी या बँकेने भारतात दिलेले हे पहिले कर्ज. करांची पद्धत सुधारणे, आणि तोट्यातली सरकारी महामंडळे सुधारणे, विकणे किंवा बंद करणे, असा तो कार्यक्रम होता. "बंद करणे" हे दोन शब्द कागदावर लहान दिसतात. अंमळनेरची प्रताप मिल किंवा जळगावची खानदेश मिल बंद पडल्यावर ज्यांच्या घरातले कोणी सुरतेला आले, त्यांना त्यांचे वजन मी सांगायला नको.

त्यानंतर वीज. जीईबीची अवस्था अशी होती की शेतीपंपाला मीटर नसे, पंपाच्या हॉर्सपॉवरवर वर्षाची ठोक रक्कम. किती वीज गेली हे कोणालाच कळत नसे, आणि त्या आकड्याआड चोरीही लपत असे. खासगी केंद्रांकडून महाग वीज घ्यावी लागे. ही तूट भरण्यासाठी कारखान्यांकडून चढा दर घेतला जाई, म्हणजे एका अर्थी आपले लूमवाले शेतीपंपाचे बिल भरत होते. २०००-०१ च्या सुमारास मंडळाचा वर्षाचा तोटा २,००० कोटी रुपयांहून अधिक होता. डिसेंबर २००० मध्ये आशियाई विकास बँकेने या क्षेत्रासाठी ३५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातले २० कोटी तारा, उपकेंद्रे अशा कामांसाठी आणि १५ कोटी निव्वळ धोरण बदलण्यासाठी. अटींचा गाभा असा की मंडळाचे भाग करा, दर ठरवण्याचे काम मंत्र्यांकडे न ठेवता स्वतंत्र नियामक आयोगाकडे असू द्या, आणि प्रत्येक जोडणीची मोजदाद करा. दीड महिन्यात, २६ जानेवारी २००१ ला, भूकंप झाला. त्यासाठी त्याच बँकेने आणखी ५० कोटी डॉलर दिले. ते पैसे सर्वांना दिसले. विजेचे १५ कोटी कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

सर्व अटी जशाच्या तशा पाळल्या गेल्या असे समजू नका. दरवाढ झाली तेव्हा २००३ मध्ये भारतीय किसान संघाने जोरदार आंदोलन केले आणि सरकारला नमते घ्यावे लागले. शेतीची जुनी ठोक पद्धत पूर्ण गेली नाही. पण सरकारने त्याला आपल्या पद्धतीची वाट काढली. ज्योतिग्राम योजनेत, २००३ ते २००६ या काळात, गावाची तार आणि शेतीची तार वेगळी केली. गावाला चोवीस तास, शेतीला ठरलेले आठ तास. हा खर्च मुख्यतः राज्याने स्वतः केला. खासगी केंद्रांशी बसून वीजखरेदीचे करार पुन्हा ठरवले, महाग कर्जे फेडून स्वस्त घेतली, चोरी पकडायला पथके नेमली. २००५-०६ पर्यंत तोट्याचे गाडे नफ्याकडे वळले. माझ्या मते यश पाहायचे असेल तर ते इथे पाहावे, मनिलाच्या कागदात नव्हे.

तसा जवळजवळ तोच कागद ओडिशालाही मिळाला होता. तुमच्या शेजारच्या खोल्यांत गंजाम जिल्ह्यातले जे लूम कारागीर राहतात, त्यांच्या राज्याची ही गोष्ट आहे. १९९६ मध्ये जागतिक बँकेने ३५ कोटी डॉलर दिले, देशात सर्वांत आधी तेथील मंडळ मोडले, आणि १९९९ मध्ये वीज वाटण्याचे काम खासगी कंपन्यांना विकले. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने खांब आणि तारा भुईसपाट केल्या. मध्य विभाग घेतलेली अमेरिकन कंपनी २००१ मध्ये निघून गेली. उरलेल्या तीन विभागांचे परवाने नियामक आयोगाने २०१५ मध्ये रद्द केले. म्हणजे पैसा आला, कायदा झाला, पाट्या बदलल्या, आणि गळती व वसुलीचे दुखणे तसेच राहिले. गुजरातने कंपन्या केल्या पण त्या विकल्या नाहीत, हा फरक विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा. परीक्षेत न विचारला तरी चालेल.

गावाकडे, धुळे-जळगाव-नंदुरबारला, बिल महावितरणचे येते. महाराष्ट्राचे मंडळही जून २००५ मध्ये असेच विभागले गेले. तोवर देशाचा वीज कायदा २००३ झाला होता आणि बहुतेक राज्ये त्या वाटेला लागली होती.

या बदलाची झळ कोणाला बसली हे सांगितल्याशिवाय धडा अपुरा राहील. शेतीला तास बांधून दिले तेव्हा स्वतःची बोअर असलेल्याचे भागले. जो शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी विकत घेऊन भाजी किंवा ऊस करीत होता त्याचे अवघड झाले, कारण शेजाऱ्याकडेच विकायला पाणी कमी उरले. त्याने कोणते कर्ज मागितले नव्हते आणि अटींवर त्याला कोणी विचारलेही नव्हते. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर वीज खात्रीची झाली, परंतु स्वस्त झाली असे कोणताही लूमवाला म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र पालकांनी वापरावी अशी आहे. दर ठरवण्यापूर्वी नियामक आयोग कंपनीचा प्रस्ताव प्रसिद्ध करतो आणि लोकांच्या हरकती मागवून जाहीर सुनावणी घेतो. सामान्य ग्राहकालाही तिथे लेखी म्हणणे मांडता येते. मंडळाच्या जुन्या काळात ही सोय नव्हती. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात ती सूचना येते, आपण पान उलटतो.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी काम: घरातले किंवा खात्यातले सापडेल तितके जुने लाईट बिल शोधा, शक्य असल्यास २००५ पूर्वीचे. त्याच्याशेजारी यंदाचे बिल ठेवा. कंपनीचे नाव, युनिटचा दर, स्थिर आकार, इंधन आकार आणि वीज शुल्क या पाच गोष्टी दोन्हींवरून वहीत उतरवा. आजी-आजोबा गावी असतील तर त्यांच्याकडून महावितरणचा एक फोटो मागवा, आणि त्यांना विचारा की विहिरीवरच्या मोटारीचे बिल पूर्वी कसे येत असे. शेजारी ओडिया कुटुंब असेल तर त्यांच्या गावी वीज कोण देते तेही विचारा. जीईबीचे जुने बिल मिळालेच तर ते वहीला चिकटवू नका, आधी मला आणून दाखवा.